थारा

इलाही मुजावर माती आणतो.
मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना पोती:
मसाई पठाराचा तांबडा जांभा,
प्रयाग चिखलीचा काळा गाळ,
शिरोळकडची खारवट, चुनखड्यांची.
वाळू मात्र एका बांधकामावरनं
पिशवीभर, मुकादमाला तंबाखू देऊन.

काचेच्या चार नळ्या, चार मात्या.
वरून थेंब थेंब आयोडाइड.
हे साधं. किरण न सोडणारं,
मिठाच्या पुडीतल्याच घराण्यातलं.
खरं जे, ते इथं नाही;
कुठल्याशा दूर देशात, पुरलेल्या टाक्यांखालून
ते विहिरींच्या वाटेला लागलंय.
आम्ही त्याची नुसती चाल शिकतोय
इथं, कोल्हापुरात, दुपारी जेवण झाल्यावर.

ओळखायला पेज.
माझ्या डब्यातलीच, आजऱ्याच्या घनसाळची, गाळून घेतलेली.
वर थेंबभर अॅसिड, थेंबभर पेरॉक्साइड.
निळी झाली
की समजायचं, पाहुणा पोचला.

वाळूतून तो पाऊण तासात आला.
"ह्यो थांबतच न्हाई की वो,
च्या तरी घ्यायचा," इलाही म्हणाला.

त्याला सांगितलं: मातीचं अंग ऋण, ह्याचंही ऋण,
सारखं सारख्याला थारा देत नाही.
"आमच्या भावकीगत," तो म्हणाला.

जांभ्यानं धरलं, पण पाणी आंबट होतं तोवरच.
आंबटपणा उतरला तसा
त्या तांबड्या गंजानं हात सैल केला.
शिरोळच्या मातीनं ओळखच दाखवली नाही.
तोच ऑक्सिजन अंगावर घेऊन, आयोडेट होऊन आला
तेव्हा चुनखडीनं, नवा थर धरता धरता,
त्याला आत चिणून घेतलं.
रूप बदललं की दारं बदलतात.

काळ्या गाळाची नळी मुकी.
तीन दिवस, पाच दिवस, पेज पांढरीच.
उसाचं कुजलेलं पाचट, शेवाळ, डोळ्यांना न दिसणारे जीव,
सगळ्यांनी मिळून त्याला धरलेलं.
मी वहीत लिहिलं: उत्तम.
अकराव्या दिवशी
नळीतून चहाच्या रंगाचं पाणी उतरलं.
कुजका अर्कच वाहू लागला होता
आणि त्याच्या पाठुंगळीला बसून, बहुतेक, तोही.
पेज निळी झाली नाही.
बांधलेला तो पेजेला दिसत नाही.
मी "उत्तम" खोडलं.

त्या संध्याकाळी इलाही पहिल्यांदा बहिणीचं बोलला.
जैबुन्निसा. गळ्यातली गाठ काढल्यावर
तिला हेच पाजलं होतं, खरंखुरं, किरणांचं.
वेगळी खोली, वेगळं ताट,
दाराबाहेरनं पोर रडायचं, घेता यायचं नाही.
गळ्याला साधं नि किरणांचं कळत नाही,
तो सगळ्यालाच आपलं म्हणतो.
"पर आठ दिसांत अर्धं व्हतंय म्हनले, आन् झालं बी.
जमिनीतल्या ह्याला किती दिस?"

ते भावंड वेगळं, मी म्हटलं.
एक कोटी सत्तावन्न लाख वर्षं. अर्धं व्हायला.

तो खिडकीबाहेर बघत राहिला.
कंपाउंडच्या पायात काळा दगड.
"आन् ह्यो कातळ कवाचा?"
साडेसहा कोटी.
त्यानं बोटं मोडली. अर्धा, पाव, अर्धपाव...
"म्हंजे ह्यो तापलेला वतला जात हुता तवा रुपया पुरला असता
तर आज आणा घावला असता."
जरा थांबून: "आणा बी लई झाला."

दुसऱ्या दिवशी पोत्याबरोबर बाटली.
चिखलीच्या त्यांच्या विहिरीचं पाणी.
"ह्यात काय नसणार, ठावं हाय मला.
पर बगा."

नव्हतंच काही. असायचं कारणही नव्हतं.
पेज पांढरी राहिली.
तो समाधानानं बुच लावू लागला
आणि मी, त्याला थांबवून,
उजेडाकडं धरली ती बाटली,
चहाचा रंग आहे का बघायला.